खालून वाळलेला सादडा

१

नर्मदा गेली त्याच्या चौदाव्या दिवशी आमच्या पानथडी गावाचं बन उघडलं, आणि थोरला सादडा वाळतोय हे गावाला कळलं.

साल १३५१ फसली. मार्गशीर्ष सरत आला होता. आदल्या दिवशी तेरावं झालं होतं. तेराव्यापर्यंत शेजारून ताट येत होतं, त्या दिवसापासून ते रिवाजाप्रमाणे बंद झालं. मी ओसरीवर नुसता बसलो होतो. किशनराव पाटलांचा माणूस आला आणि म्हणाला, पाटलांनी बनात बोलावलंय, असाल तसे या.

बन म्हणजे काय ते बाहेरच्या माणसासाठी सांगतो. दुधनेच्या काठावर प्रत्येक गावाला एक बन आहे आणि प्रत्येक बनाला एक राखणारीण. बनातली झाडं माणसाचं ऐकतात, पण एका राखणारणीचंच. तिनं मागितलं तर तापावर पाला देतात, जखमेवर चीक देतात, कोरड्या सालात पाणी धरून ठेवतात. आमच्या बनात नदीच्या अंगाला थोरला सादडा आहे. गावातल्या तिन्ही आडांचं पाणी त्याच्या मुळांनी धरलेलं आहे. बनात लोखंड नेत नाहीत. चपलेला खिळा असला तरी चपला बनाच्या वेशीपाशी काढायच्या. लोखंड आत गेलं की सगळ्या बनाची पानं एकदम मिटतात, ते गावातूनही दिसतं. आणि राखणारणीच्या घरात सुतक असेल तर तेरा दिवस बनात कुणी पाय ठेवायचा नाही.

नर्मदा सत्तावीस वर्षं आमची राखणारीण होती. मी तिचा नवरा, लिंबाजी. त्यातली बहुतेक वर्षं मी पूर्ण्याला रेल्वेत चावीवाला होतो. रूळ जागेवर धरायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. रोज लाइनीवरून चालत जायचं, हातोडीनं ठोकत जायचं, आणि कुठली सैल झाली ते आवाजावरून ओळखायचं. दसऱ्याला नोकरी सुटली आणि मी घरी आलो. आम्हाला एकत्र राहून दोन महिनेही पुरते झाले नव्हते.

मी गेलो तेव्हा सगळं गाव बनात जमलं होतं. मला पाहून लोकांनी वाट दिली. सादड्याखाली पानांचा ढीग पडला होता. सादड्याची पानगळ शिमग्याच्या आगेमागे होते, मार्गशीर्षात कधीच नाही. पाटील मुळाशी उकिडवे बसले होते. मधल्या आडाचं पाणी दोन हात खाली गेलंय आणि सकाळी पोहऱ्याला दोर पुरला नाही, एवढं त्यांनी मला सांगितलं. मग मुळाजवळची चिमूटभर माती उचलून माझ्या नाकापाशी धरली.

"कशाचा वास हाय, लिंबाजी?"

हिंगाचा वास होता.

२

मुळात हिंग घातला की झाड जळतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे बन बंद असताना, सुतकात, कुणीतरी आत जाऊन आलं होतं.

त्याच दुपारी चावडीवर गाव बसलं. वाणी शिवलिंगअप्पा उठून म्हणाला की गेल्या आठवड्यात आश्रुबा सुतारानं त्याच्या दुकानातून दोन तोळे हिंग नेला. मग लोकांना आठवलं की आश्रुबानं पोळ्याच्या सुमारास गाडीच्या चाकासाठी सादड्याची फांदी मागितली होती आणि नर्मदेनं दिली नव्हती. तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, झाड पडलं की नेईनच.

पाटलांनी त्याला तीनदा विचारलं, हिंग कशाला घेतलास.

"खायाला."

"दोन तोळे?"

"लय आवडतो."

मागं कुणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत. सोमवारी बाजारची गाडी परभणीला जाते, तिच्यातून आश्रुबाला अमीनसाहेबांकडे, म्हणजे फौजदाराकडे, पाठवायचं ठरलं. बनाच्या झाडाला मारणाऱ्याला तुरुंग, आणि सुटून आल्यावर गावात घर नाही. आश्रुबा खाली मान घालून बसून राहिला. त्याच्या दारात अर्धं घडवलेलं चाक पडलं होतं, ते आता कोण पुरं करणार असं एकजण म्हणाला, आणि बैठक मोडायला लागली.

मी सोमवारपर्यंतची मुदत मागितली. म्हटलं, झाडाला कुणी मारलं ते मी पाहतो.

पाटलांनी मला खालून वर पाहिलं. "तुमी चाव्या ठोकणारं मानूस, लिंबाजी. तुमाला बनातलं काय कळतंय?"

मी म्हणालो, बनातलं कळत नाही, पण काय सैल झालंय ते शोधायचंच काम मी केलंय. ते म्हणाले, करा.

खरं सांगायचं तर मला दोन कारणं होती. आश्रुबानं नर्मदेला खांदा दिला होता आणि वाटभर तो रडत होता. दुसरं म्हणजे घरात बसवत नव्हतं.

३

शुक्रवारी सकाळी मी एकटा बनात गेलो. हातोडी नेता येत नव्हती. बोटांच्या पेरांनी खोड ठोकत गेलो, रूळ ठोकतात तसं, खालून वर.

बुडाशी आवाज कोरडा आला, रिकाम्या डब्यासारखा. गुडघ्याच्या उंचीवर तसाच. छातीच्या उंचीला आल्यावर आवाज बदलला, बद्द झाला, आत काही गच्च भरल्यासारखा. उगवतीच्या बाजूला तिथंच हातभर साल फुगून वर आली होती आणि ओलसर होती. वर पाहिलं तर शेंडा हिरवागार. पानं गळाली होती ती सगळी खालच्या फांद्यांची.

मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. मुळाला विष झालं तर पहिल्यांदा शेंडा जायला हवा, कारण त्याला सगळ्यात लांबून पाणी पोचतं. हे झाड उलटं वाळत होतं.

मुळाशी एका दगडाच्या आडोशाला मुंग्यांच्या तावडीतून राहिलेले पाच-सहा तांदूळ सापडले. हळद लावलेले, लांब आणि बारीक. आमच्याकडे ज्वारी खातात. तांदूळ सणाला, आणि तोही जाडा, लाल. हे दाणे आमच्या घरचे होते. नोकरी सुटली तेव्हा पूर्ण्याच्या बाजारातून मी दोन शेर आणले होते, तिला हौस म्हणून. झाडाकडून काही घ्यायचं असलं की राखणारीण आदल्या संध्याकाळी हळद-तांदूळ ठेवून त्याला आवतण देते, आणि दुसऱ्या दिवशी उगवतीला जाऊन घेते, एवढं मला ठाऊक होतं. त्यामुळे त्या दाण्यांचा मी वेगळा विचार केला नाही. धोतराच्या सोग्याला बांधले आणि तिथंच जरा बसलो.

उठताना नदीकडच्या मऊ मातीत पाऊल दिसलं. अनवाणी आणि लहान. आश्रुबाचा पाय माझ्या दीडपट आहे.

ते पाऊल बाईचं होतं.

४

शिवलिंगअप्पावरही माझा संशय होता. पूर्ण्याच्या एका ठेकेदाराला सादड्याचे ओंडके हवे होते आणि अप्पानं ते मिळवून देतो म्हटलं होतं, हे मी पूर्ण्यात असतानाच ऐकलं होतं.

दुकानात गेलो तर त्यानं पोत्यावरचं फडकं झटकलं. "या लिंबाजीराव. माझ्यावर शक हाय न्हवं? मग बसून घ्या. उभ्यानं शक घेतला की पाय दुखत्यात."

ठेकेदाराचं त्यानं नाकारलं नाही. एकदा नर्मदेला विचारलं होतं म्हणाला. ती म्हणाली होती, आधी तुमच्या दुकानाचं आढं काढून द्या, मग बघू. हे सांगताना तो हसला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून त्यानं सांगितलं की त्यानंतर तो विषय त्यानं सोडला. त्याचं घरही मधल्या आडाचंच पाणी पितं. शिवाय नर्मदेच्या तिसऱ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत तो गंगाखेडला सासुरवाडीच्या लग्नात होता. वऱ्हाडात गावातले सहाजण होते, कुणालाही विचारा म्हणाला.

मग आश्रुबाला हिंग विकला कुणी? अप्पानं आत हाक मारली. त्याची बायको गौराबाई पदर सावरत आली. तिनंच विकला होता.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काय म्हणंल? वांग्याच्या किडीवर टाकत्यात त्योच हिंग का, आसं इचारलं. मी म्हनलं, हिंग काय दहा परकारचा आसतोय का? वांग्यावर टाका न्हाई तर वरणात टाका."

मी घरी निघालो. आश्रुबाकडे शेत नाही. तो वांगी लावत नाही. त्याच्या घरामागं वांग्याचे दोन वाफे आहेत ते त्याच्या बहिणीचे. पार्वतीबाई, विधवा, भावाकडेच राहते. आणि दोन वर्षं नर्मदेच्या मागं बनात जाऊन पाला ओळखायला शिकणारी गावात ती एकटीच होती.

५

शनिवारी गेलो तर ती वाफ्यातच होती. मला पाहून उठली. ती नर्मदेला आक्का म्हणायची, त्यामुळे मी तिचा दाजी.

मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पाऊल दिसलं आसंल."

मग तिनं सांगितलं. नवव्या दिवशी ती नदीला धुणं घेऊन गेली होती. पलीकडून तिला सादड्याच्या खालच्या फांद्या उघड्या दिसल्या. तिला वाटलं, बुडाला कीड लागली. वांग्याला कीड लागली की ती हिंगाचं पाणी देते, त्यानं कीड मरते आणि रोप जगतं. तेरावं होईपर्यंत थांबलं तर झाड जाईल, म्हणून भावाला हिंग आणायला सांगितलं आणि सुतक मोडून आत गेली. एक गाडगंभर पाणी ओतलं. काही उपयोग झाला नाही.

आश्रुबा तिच्यासाठी गप्प होता. सुतकात बनात गेलेली बाई पुढं राखणारीण होऊ शकत नाही, आणि तिला दुसरं काही व्हायचं नव्हतं.

ती म्हणाली, सोमवारी मी पाटलाला सगळं सांगणार होते, भाऊ मला बोलू देत नाही. मी तिला म्हटलं, थोडं थांब. कारण तिच्या सांगण्यात एक गोष्ट सरळ होती. हिंग पडला नवव्या दिवशी. पानं त्याच्या आधीच गळायला लागली होती. म्हणजे झाड हिंगानं वाळायला लागलं नव्हतं. पण हे पाटलांना कसं पटवायचं? नवव्या दिवशी झाड तिच्याशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं, आणि ती तर गुन्हेगाराची बहीण.

मी जायला निघालो तेव्हा ती वाफ्यातून बाहेर आली.

"दाजी, मी त्याला कान लावला होता. आक्कानं शिकवलं होतं तसा. मेलेलं झाड आतून गप आसतंय. ह्ये गप न्हाई. कुणाची तरी वाट पाहायलंय."

६

दुधनेच्या वरच्या अंगाला दोन कोसांवर मुरुंबी आहे. तिथली राखणारीण शांतम्मा नव्वदीची असेल. डोळ्यांनी दिसत नाही. नर्मदेला तिनंच शिकवलं होतं. रविवारी मी चालत गेलो. वाटेत कुणी भेटलं नाही.

ती उन्हात बसली होती. माझं नाव सांगितल्यावर म्हणाली, "सत्तावीस वर्सांत जावई एकदा न्हाई आला. आता लेक गेल्यावर आला." तिनं ते रागानं म्हटलं नाही. मग हात चाचपून माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी जे पाहिलं होतं ते सगळं सांगितलं. बुडाचा रिकामा आवाज, छातीशी गच्च भरलेला. फुगलेली साल. हिरवा शेंडा. मधे मधे ती मान हलवत होती. माझं संपल्यावर म्हणाली, याला कुणी मारलं नाही. याला आवतण दिलंय आणि घ्यायला कुणी आलं नाही.

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. आवतण दिलं की झाड आपला सगळा गुण मुळातून उपसून सालीत आणतं. दुसऱ्या दिवशी उगवतीला राखणारीण येते, शिंपल्यानं हातभर साल काढते, लोटाभर दूध घालते आणि 'पोचलं' म्हणते. मग उरलेला गुण झाड परत मुळात नेतं. कुणी आलंच नाही तर झाड तसंच थांबतं. गुण वर धरून ठेवतं आणि मूळ उपाशी मरतं.

मी विचारलं, आता काय करायचं?

"त्याला खबर द्या. ज्या घरचं आवतण हाय त्या घरच्या मानसानं जायाचं, उगवतीला. सालीला हात लावायचा. कुनी मागितलं, कुनासाठी मागितलं, आन् कामून आलं न्हाई, समदं सांगायचं. खरं सांगायचं. खोटं झाडाला ऐकूच येत न्हाई." मग तिनं विचारलं, "तांदूळ कुनाच्या घरचा होता?"

मी म्हणालो, राखणारणीचाच असणार की.

"न्हाई. दुखनेकऱ्याच्या घरचा लागतो. दुसरा तांदूळ झाड मानीत न्हाई."

मी सोग्याची गाठ सोडून दाणे तिच्या तळहातावर ठेवले. तिनं बोटांनी चाचपले. एवढा लांब तांदूळ इकडचा नाही म्हणाली. मी सांगितलं, आमच्या घरचा आहे.

शांतम्मानं दाणे माझ्या हातात परत ठेवले.

"सादड्याला उगं कुनी बोलवीत न्हाई. त्याची साल छातीच्या दुखन्यालाच लागती," ती म्हणाली. "तुला काय झालं होतं, बाबा?"

मला काही झालं नव्हतं.

७

परत येताना दोन कोस मी तेच जुळवत होतो, आणि जुळवण्यासारखं फार नव्हतं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर पडलेलं होतं.

नर्मदा उगवतीच्या आधी उंबऱ्यात पडली. हातात लोटा होता आणि पायरीवर दूध सांडलं होतं. दूध काढून आली असेल असं मी धरून चाललो. पण आमची गाय त्या दिवशी दुपारी मी सोडली तेव्हा तिची कास भरलेली होती. तिला सकाळी कुणी पिळलंच नव्हतं. लोट्यातलं दूध आदल्या संध्याकाळचं होतं. तिचा शिंपला नेहमी देवळीत फडक्यात गुंडाळलेला असायचा. तो धुऊन जात्यावर पालथा घातला होता. इतके दिवस मी त्याला पाहत होतो. तिनं ठेवलेली वस्तू हलवायची नाही म्हणून मी हात लावला नव्हता. कशासाठी ठेवली हे विचारायचं मला सुचलं नाही.

आणि जायच्या आधी तीन-चार दिवस आडावरून येताना ती दोनदा थांबायची. मी विचारलं तर म्हणाली, घागर जुनी झाली, जड लागते. मी खरं मानलं. जुनी घागर जड कशी लागेल, हा साधा विचार मी केला नाही. लोखंडाची चावी सैल झालेली मला दहा पावलांवरून कळायची.

तिनं स्वतःसाठी मागितलं होतं.

राखणारीण बनात उभी राहून पहिली शपथ घेते ती हीच, की स्वतःसाठी कधी मागणार नाही. ती आजारी पडली तर दुसऱ्या गावची राखणारीण तिच्यासाठी मागते. शांतम्माकडे निरोप धाडला असता तर ती पालखीत बसून आली असती. पण निरोप घेऊन मला जावं लागलं असतं, म्हणजे मला सांगावं लागलं असतं. शपथ मोडणाऱ्या बाईचा दगड बनात बसवत नाहीत. बनाच्या वेशीच्या आत आजवरच्या अकरा राखणारणींचे दगड ओळीनं आहेत. नर्मदेचा बारावा, वडाराला सांगून झाला होता.

संध्याकाळी गाव दिसायला लागलं तेव्हा मी ठरवलं. तांदूळ आमच्या घरचा होता आणि घरात माणसं दोन होती. मी सांगणार होतो की दुखणं मला होतं. आश्रुबा सुटेल, पाणी परत येईल आणि तिचा दगड बसेल. यात कुणाचं नुकसान होत नव्हतं. झाडाला खोटं ऐकू येत नाही हे शांतम्माचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

८

सोमवारी दिवस उगवायला गाव बनात होतं. वेशीबाहेर गाडी जुंपलेली. आश्रुबाचे हात दोरीनं बांधले होते आणि तो पाटलांच्या शेजारी उभा होता.

मी सगळं सांगितलं. झाड खालून का वाळलं, गुण वर कसा थांबला, हिंग नंतर पडला. पार्वतीबाईचं नाव मी घेत नव्हतो, पण ती पुढं आली आणि भावाकडे न बघता पाटलांना म्हणाली, हिंग मी ओतला, किडीसाठी. आश्रुबानं डोळे मिटले.

पाटील म्हणाले, ही बहीण भावासाठी बोलते, तुम्ही बायकोच्या झाडासाठी बोलता. गवाही कुणाची धरायची? मग म्हणाले, खबर दिल्यावर झाड जर हललं, तर मी मानतो. न्हाई हललं तर गाडी जाईल.

मी फुगलेल्या सालीवर हात ठेवला. ती कोमट होती.

"नर्मदा गेली," मी म्हणालो. "आवतण तिनं दिलं होतं. लिंबाजीसाठी दिलं होतं, त्याच्या छातीत दुखत होतं म्हणून. ती येणार न्हाई. तू जा."

काही झालं नाही. खालच्या फांदीवरून एक पान सुटलं आणि पाटलांच्या पागोट्यावर पडलं. त्यांनी ते काढून टाकलं. मी पुन्हा तेच म्हणालो, मोठ्यानं. मागं लोक चुळबुळ करायला लागले. कुणीतरी गाडीवानाला हाक मारली.

आश्रुबा माझ्याकडेच बघत होता. तो रोज लाकडात हात घालणारा माणूस, त्याला काय कळलं असेल ते मला माहीत नाही. हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, दाजी. आक्काचं झाकलेलं ऱ्हाऊ द्या. जातो मी."

तो असं म्हणाला नसता तर मी तिसऱ्यांदाही खोटंच बोललो असतो.

मी साल दोन्ही हातांनी धरली. "नर्मदेनं सोताच्यासाठी मागितलं," मी म्हणालो. "तिच्या छातीत दुखत होतं. तिनं मला सांगितलं न्हाई. मी दोन महिने घरात होतो, आन् तिनं तुला सांगितलं. ती तुझ्याकडं यायलाच निघाली होती. उंबऱ्यात पडली. ती मेलीय. आता कुनी येनार न्हाई."

हाताखालची साल खचली. आधी हळू, मग एकदम, आणि खोडातून खाली काहीतरी उतरत गेल्याचा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला. माझ्या पायाखालची माती गार झाली. मी ठोकून पाहिलं. बुडाशी आवाज भरलेला होता.

पाटलांनी आपल्या हातानं आश्रुबाची दोरी सोडली. मग माझ्याकडे वळले आणि त्यांनी मान खाली घातली. बन तेरा दिवस बंद करायचा हुकूम त्यांनीच दिला होता. राखणारीण गेली तर झाडाला सांगायचं कुणी, हा प्रश्न रिवाजात कुणी घातलाच नव्हता. आजवरच्या अकराजणींपैकी कुणी आवतण देऊन गेली नव्हती.

दुपारी मधल्या आडाला दोर पुरला.

संध्याकाळी पंच बसले. पार्वतीबाईला एक वर्ष बनाबाहेर ठेवलं, त्यानंतर तिला राखणारीण करायचं की नाही ते झाडानं ठरवावं असं ठरलं. नर्मदेबद्दल दोन तास बोलणं झालं. मी बाहेर बसलो होतो. शिवलिंगअप्पा तिच्या बाजूनं भांडला, हे मला नंतर कळलं. शेवटी पंचांनी सांगितलं की शपथ मोडली हे खरं, पण तिचा निवाडा आम्ही करणार नाही. पुढची जी राखणारीण होईल ती ठरवील, आणि दगड बसवायचा असला तर तिच्याच हातानं बसेल.

सादड्याला खालच्या फांद्यांवर नवी पालवी आली. आश्रुबानं चाक पुरं केलं. तो कधी कधी संध्याकाळी येऊन ओसरीवर बसतो.

वडारानं दगड घडवून दिला आहे. तो माझ्या अंगणात भिंतीला उभा आहे. गावाला अजून राखणारीण नाही. दगड बसवायचा राहिला आहे.